शाळेच्या मुली जातात ती वाट

तू पाठवलेला टस्कनीचा व्हिडिओ बघितला गं. पांढऱ्या मातीचा रस्ता, कडेला सुरूची उंच झाडं, खाली उतारावर द्राक्षांचे मळे, आणि ती बाई सायकलवर एकटी, सगळा डोंगर तिला आंदण दिल्यासारखी. त्याखाली तू लिहिलंस, ‘आपल्या नशिबात मात्र इंदरगंज चौक.’ हसू आलं मला. सकाळी दहाला आपल्या ग्वाल्हेरच्या इंदरगंजातून सायकल काढायची तर ई-रिक्षा, हातगाड्या आणि उलट्या बाजूनं येणारे स्कूटरवाले चुकवता चुकवताच जीव अर्धा होतो, हे खरंच आहे. पण तुझी सायकल घरात आलीय, ती पहिल्या पगाराची आहे, आणि आई तिच्याकडे अशी बघतेय की तू जणू ओसरीवर घोडा आणून बांधलायस. तेव्हा दुकानदारानं तुला जे सांगितलं नसेल आणि आईसमोर जे बोलता येत नाही, ते आता माझ्याकडून ऐकून घे.

आधी त्या पांढऱ्या रस्त्याचं. ते रस्ते कुणी सायकलवाल्यांसाठी बांधलेले नाहीत. मळ्यात जायचे, घरून गिरणीवर जायचे, असे ते शेतकऱ्यांचे रस्ते. त्यांच्यावर डांबर चढायला लागलं तेव्हा तिथल्या लोकांच्या पोटात कालवलं, आणि १९९७ साली कियांतीतल्या गायोले नावाच्या गावातून जुन्या सायकलींची एक फेरी निघाली. ‘लेरोइका’ तिचं नाव. कच्चा रस्ता कच्चाच राहू दे, एवढंच म्हणणं होतं. पुढं २००७ मध्ये त्याच मातीवरून व्यावसायिक शर्यत सुरू झाली, बायकांची २०१५ पासून, आणि आता जगभरचे लोक तिथं धूळ खायला जातात.

स्पेनचं तर मला याहून आवडतं. तिथं बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरचे रूळ काढून चालायच्या आणि सायकलच्या वाटा केल्यात. १९९३ पासून हे काम चाललंय आणि आज अशा वाटा तीन हजार किलोमीटरांहून जास्त आहेत. अंदालुसियाच्या डोंगरात पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा ही एक छत्तीस किलोमीटरची वाट आहे. तीस बोगदे, चार मोठे पूल, आणि गंमत म्हणजे त्या मार्गावरून आगगाडी कधी धावलीच नाही. १९२०च्या दशकात बोगदे खणून झाले, पूल झाले, मग पैसा आटला आणि राजकारणही बदललं. आज डोंगराच्या पोटातून लोक सायकली घेऊन जातात आणि वर कड्यावर गिधाडं बसलेली असतात.

हे तुला का सांगतेय? तू नकाशा उघडून ‘सुंदर जागा’ शोधत बसतेस म्हणून. तसं करू नकोस. वाट कुणी केली आणि कशासाठी केली ते आधी बघ. आगगाडीसाठी केलेली वाट कधी एकदम चढत नाही, कारण गाडीलाच ते झेपत नाही. शंभर मीटरला दोन-तीन मीटर, सहसा त्यापलीकडे नाही. पाण्यासाठी केलेली वाट तर त्याहून सपाट. बैलगाडीची वाट वळसे घेईल पण उभी चढणार नाही. आणि खाणीच्या डंपरसाठी केलेली वाट छान रुंद असेल, दाबलेली असेल, बघताक्षणी तुला वाटेल की हीच ती! तिथं पाऊल टाकू नकोस. त्याचं पुढं सांगते.

आता आपल्याकडे आगगाडीची वाट म्हटली की सगळ्यांना छोटी गाडी आठवते. आजोबा तिच्यातून सबलगढला जायचे. दोन फूट रुंदीचे रूळ, ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर. त्या वेळच्या महाराज माधवराव शिंद्यांना आगगाडीचं वेडच होतं. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी फिरायची ती त्यांचीच. त्या वेडातून घोसीपुरा, मोतीझील, सुमावली, जौरा, कैलारस असं गावोगाव थांबत जाणारी खरी गाडीही झाली. २०२०च्या मार्चमध्ये ती थांबली आणि आता त्या भागात मोठे रूळ येताहेत. स्पेनसारखी तिची वाट करा, असं मलाही वाटतं, पण श्योपूरच्या माणसाला दहा-अकरा तासांऐवजी झटकन ग्वाल्हेरला यायचं असेल तर त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की रूळ नकोत, मला सायकल चालवायचीय? तेव्हा तो हट्ट सोड. आणि जुना भराव दिसला म्हणून त्यावर चढूही नकोस. ती जागा रेल्वेची आहे आणि तिथं विनापरवाना घुसणं हा रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे. नोकरी नवी आहे तुझी.

मग उरतो कालवा. तुझ्यासाठी खरं सोनं तिथं आहे.

चंबळवर कोट्याला १९६० मध्ये बंधारा झाला. त्याचा उजवा कालवा राजस्थानातून निघून श्योपूर, सबलगढ करत मुरैन्याकडे येतो. इकडे डबरा-भितरवारच्या बाजूला हरसी धरणाचे कालवे आहेत. प्रत्येक कालव्याच्या काठानं सिंचन खात्याच्या जीपसाठी ठेवलेली वाट असते, तिला गावात ‘पटरी’ म्हणतात. कालव्याला किलोमीटरमागे वीतभर उतारही पुष्कळ होतो, म्हणजे तुला तासन्‌तास सपाट चालवायला मिळतं. वर मुरूम, मध्ये गवताची पट्टी, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं. डबऱ्याकडे धान, मुरैन्याकडे थंडीत मोहरी. मोहरी फुलली की तुला टस्कनीची आठवणसुद्धा होणार नाही, सांगून ठेवते. मोठी गाडी तिथं येत नाही, कारण पुढं कुठल्या तरी मोरीपाशी वाट अरुंद होते आणि तिला वळायला जागा नसते.

पण मी कालवा सांगतेय तो काही मोहरीसाठी नाही. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला त्या पटरीवर उभी राहून बघ. शाळेच्या मुली येतात. निळा-पांढरा गणवेश, दोन वेण्या, हँडलला डबा, आणि सगळ्यांच्या सायकली जवळपास सारख्या, कारण त्या सरकारी आहेत. गावात शाळा नसेल आणि मुलीला दुसऱ्या गावी जावं लागत असेल तर आपल्या राज्यात सहावीला आणि नववीला सायकल मिळते. त्या मुली तिघी-चौघी रांगेत, बडबड करत जातात. त्यांच्या मागं कुणीतरी बाई गवताचा भारा घेऊन चाललेली असते, एखादा म्हातारा म्हशी घेऊन पाण्याकडे निघालेला असतो.

आता नीट ऐक. पोरीला रोज एकटं-दुकटं पाठवायला आई-बाप ज्या वाटेला तयार होतात, त्या वाटेची चौकशी सगळ्या गावानं आधीच करून ठेवलेली असते. कुठं दारूचं दुकान आहे, कुठं टवाळ पोरं बसतात, कुठला कुत्रा अंगावर येतो, कुठल्या वळणावर ट्रॅक्टर वेगानं येतो, हे सगळं बघूनच त्यांनी ती वाट ठरवलेली असते. तुला कुठल्याही ॲपमध्ये हे मिळणार नाही. तेव्हा नव्या गावात गेलीस की चहाच्या टपरीवर विचार, ‘भैया, स्कूल की लड़कियाँ कौन से रस्ते से जाती हैं?’ आणि ती वाट धर.

व्हिडिओतल्या बाईचा रस्ता रिकामा आहे म्हणून तुला हेवा वाटतो ना? आपल्याला रिकामा रस्ता नकोच आहे. गाड्या नकोत, पण माणसं हवीत. दोन्ही नसलेला रस्ता दिसला तर मी वळून परत येते, मग तो कितीही देखणा असो. आणि हे फक्त आपल्या चंबळच्या बीहडाचं नाही हं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये सायकलवरून जगाला फेरी मारून आली. वय जेमतेम वीस. कॅनडात तिच्यामागं अस्वल लागलं, आणि माझ्या त्या लाडक्या स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकानं लुटलं. तरी तिनं फेरी पुरी केली, ती गोष्ट वेगळी. आपली भूमी वाईट आणि परदेश सुरक्षित, हा हिशोब डोक्यातून काढ.

लोक विचारतील. ‘ओ मोड़ी, कहाँ जा रई है?’ याचा राग मानू नकोस आणि घाईनं पुढंही निघू नकोस. पाय टेकव, हसून उत्तर दे. इंदरगंजात राहते, अमुक मंदिरापर्यंत चाललेय, दुपारपर्यंत परत. लगेच त्यांचा कुणीतरी भाचा इंदरगंजात वकिलाकडे कारकून निघतो. पुढच्या गावाला तू पोचायच्या आधी तुझी बातमी पोचलेली असते, आणि हेच तुला हवंय. फक्त ‘एकटीच आहे का’ असं कुणी विचारलं तर ‘मागून भाऊ येतोय’ म्हणायचं. या खोट्याला पाप लागत नाही.

आता डंपरचं. मितावली, पढावली, बटेश्वर, ही तीन नावं तुझ्या यादीत वर असणार, मला माहीत आहे. असायलाच हवीत. मितावलीचं चौसष्ट योगिनींचं गोल देऊळ टेकडीवर आहे, १३२३चा शिलालेख सांगतात त्याचा. खाली बटेश्वरला वालुकाश्माची दोनशेच्या आसपास लहान-मोठी देवळं होती, ढिगाऱ्यात गेलेली. पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी २००५ पासून ती एकेक दगड जुळवून उभी करायला घेतली, तेव्हा त्या रानात डाकूंचा वावर होता. पुढं डाकू गेले आणि खाणवाले आले, त्यांच्या सुरुंगांनी देवळं हादरायला लागली. तर त्या बाजूला तुला जे रुंद, दाबलेले, मोहात पाडणारे कच्चे रस्ते दिसतात, ते दगडाच्या गाड्यांचे असतात. समोरून डंपर गेला की पुढची दोन मिनिटं तुला काही दिसत नाही आणि मागून येणाऱ्या दुसऱ्याला तू दिसत नाहीस. चंबळकडच्या वाळूच्या ट्रॅक्टरांचंही तेच, आणि ते अंधारात, पहाटे पळतात. तेव्हा ‘लवकर उठून गेलं की रस्ता मोकळा’ हा शहरातला नियम तिथं उलटा होतो. उजाडू दे, माणसं शेतात दिसू देत, मग निघ. बटेश्वरला मात्र पहिल्यांदा गाडीनंच जाऊ, सायकली मागं बांधून.

सायकलवर पहिल्यांदा जायचं ते, कालव्याच्याही आधी, तिघरा धरणाच्या बाजूला. घरून गोल पहाडियापर्यंत डांबर, सकाळी सहाला निघालीस तर त्रास नाही, मग तिघरा रोड. धरणापर्यंत वीस-बावीस किलोमीटर होतात, त्यात मधून मधून गावांकडे फुटणारे कच्चे फाटे आहेत, कुलैथकडचे वगैरे. फाट्यानं आत जायचं, गाव बघायचं, परत रस्त्यावर यायचं. दमलीस तर डांबर जवळ असतं, आई समाधानी. तिथला दगड मात्र ओळखून घे. तो वालुकाश्म आहे, पापुद्र्या-पापुद्र्यांचा. सांक नदीवरचं हे धरण १९१६ मध्ये बांधून झालं आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये फुटलं, कारण पाणी पायाखालच्या याच थरांत शिरलं होतं. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजेही इथं बसले, खडकवासल्याला बसलेले तेच. सायकलवालीला या दगडाचा त्रास वेगळा. सपाट फरशीसारखा थर वर येतो आणि त्याच्यावर त्याचीच झिजून झालेली वाळू पसरलेली असते. तिथं पुढचा ब्रेक दाबलास की गेलीस. वेग आधीच कमी कर, त्या पट्ट्यावर हात सैल सोड, सरळ जा.

घाटीगावकडे सोनचिरैया अभयारण्याचा भाग लागतो. तिकडे वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. आई हल्ली कूनोच्या चित्त्यांचं नाव घेते, ते सोड. तिला नवा बागुलबुवा मिळालाय.

आता पंक्चर. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण आपल्याकडे चढ-उतार, ऊन, माणसं यांपैकी कुणी तुला हरवणार नाही, काटा हरवेल. बीहडात माती वाहून जाऊ नये म्हणून विलायती बाभळीचं बी विमानातून फेकलं होतं, आणि ती आता सगळीकडे आहे. सरपणासाठी फांद्या तोडतात, त्या वाटेवर पडतात. दिवाळीनंतर वाळलेले सराटे त्यांत भर घालतात. सराटा बरा. तो टायरला चिकटलेला दिसतो, उपटून टाकता येतो. बाभळीचा काटा कावेबाज. तो टायरमध्ये शिरून बाहेरून मोडतो, आतलं टोक तसंच राहतं. तू ट्यूब बदलतेस, हवा भरतेस, शंभर पावलांवर पुन्हा बसलेली. म्हणून ट्यूब काढली की टायर आतून तपासायचा, पण नुसत्या बोटानं नाही, बोट फाटेल. कापसाचा बोळा किंवा ओढणीचं टोक घे आणि आतून गोल फिरव. धागा जिथं अडकेल तिथं टोक आहे. चिमट्यानं ओढून काढ, तो चिमटा भुवयांचा चालतो, तुझ्याकडे आहेच. मग बाहेरून हात फिरव, मग ट्यूब. आणि पुढच्या महिन्यात पैसे जमले की चाकं ट्यूबलेस करून आत सीलंट घालून घे. दुसरं कुठलंही सामान घेण्याआधी हे.

हवा कमी ठेव. दुकानातल्या मुलानं ती दगडासारखी टणक करून दिली असणार. चाळीस मिलिमीटरचा टायर आणि तुझं वजन बघता ट्यूब असताना चाळीसच्या आसपास पीएसआय पुरे, ट्यूबलेस झाल्यावर पस्तीस किंवा थोडं खालीही. मुरमावर सायकल नाचायची थांबते आणि मनगटं दुखत नाहीत.

आणि जे आईसमोर बोलायचं नाही ते. पॅडवाल्या शॉर्ट्स घे आणि त्यांच्या आत काहीही घालू नकोस. चड्डीची शिवणच कातडी सोलते. वरून सैल सलवार घाल, गावात बरं पडतं, उजवा पाय मात्र घोट्याशी रबरानं बांध, नाहीतर चेन तो गिळते. सीट टोचत असेल तर सहन करू नकोस. बायकांची बैठकीची हाडं रुंद असतात, आणि कंपनीनं दिलेली सीट बहुतेक पुरुष डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. नाक जरा खाली झुकव, आठवडाभर बघ, नाही जमलं तर बदल. पाळीत जायचं नाही असं काही नाही, कप जमत असेल तर उत्तम. लघवी दाबून ठेवायची नाही. मंदिर, शाळा, पेट्रोल पंप हे निघायच्या आधी नकाशावर बघून ठेव, आणि काहीच नसेल तर गवत कापणाऱ्या बाईला सरळ विचार. ती तुला नीट आडोसा दाखवेल आणि स्वतः राखण करत उभी राहील. पाणी कमी प्यायचा उपाय मात्र करू नकोस, आपल्या हवेत तो अंगलट येतो.

खायला दुकानातली पाकिटं कशाला? थंडीत मुरैन्याची गजक खिशात ठेव, गूळ-तीळ आहेच तिच्यात. एरवी दशमी आणि लोणचं, तासाभरानं दोन घास.

मेंढपाळाचे कुत्रे आले तर सायकल पळवू नकोस, तू त्यांच्याहून वेगानं जाणार नाहीस. उतर, सायकल मध्ये धर, चालत जा आणि मेंढपाळाला हाक मार.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते होळी, हे आपले महिने. जानेवारीत धुकं असेल तर दहाच्या आत बाहेर पडायचं नाही, लाल दिवा लावला तरीही. एप्रिलपासून घरी बस. पावसात त्या बारीक मातीचा लगदा चाकात आणि फ्रेममध्ये असा भरतो की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं. थंडीत कालव्याला पाणी सोडलं की पटरीवर पाझर असतो, कडेला जाऊ नकोस.

आईचं असं कर. तिला फोनवर लोकेशन पाठवू नकोस. ठिपका दोन मिनिटं थांबला की ती तुला फोन करेल, आणि तू उचलला नाहीस तर मला. ते दादाला पाठव. आईला फक्त गावाचं नाव आणि परत यायची वेळ सांग, आणि त्या वेळेच्या अर्धा तास आधी घरी ये. महिनाभर हे पाळलंस की ती शेजारच्या काकूंना स्वतःहून सांगायला लागेल, ‘आमची कालव्यावर जाते हो.’

या रविवारी मीही येते. गोल पहाडियाला सव्वासहाला भेट. तुझ्या चाकाला बारीक, लांब तोंडाचा व्हॉल्व आहे, तो गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला लागत नाही. त्याच्यावर बसवायची एक छोटी पितळी टोपी मिळते, सायकलच्या दुकानात माग. शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत आण, आणि दोन आण, माझी हरवलीय.